दिवा का लागत नाही?

‘अंकासाठी काहीतरी लिही’ असे सरांनी सांगितले, आणि ‘मोटारीच्या दिव्यांवर लिहीन’ असे मी म्हटले, तेव्हा संपादक मंडळात थोडा हशा पिकला. त्यात कोणाची चूक नाही. आपल्या अंकात टेबललँडवरचे धुके, पहिला पाऊस, आई आणि हरवलेले बालपण हे विषय दरवर्षी न चुकता येतात. कला शाखेच्या विद्यार्थिनीने फार तर एखाद्या कादंबरीचे परीक्षण लिहावे, अशी एक समजूतही आहे. पण माझा विशेष विषय तत्त्वज्ञान. पहिल्या वर्षी तर्कशास्त्राच्या तासाला जे घोकले, ते खरे म्हणजे काय, हे मला वर्गात कळले नाही. ते आमच्या जुन्या जीपच्या बॉनेटखाली कळले. म्हणून हा लेख. वायर, फ्यूज आणि रिले ही नावे वाचून पान उलटू नका, एवढीच विनंती.

प्रथम प्रसंग सांगते. माझे वडील, त्यांना आम्ही आप्पा म्हणतो, पाचगणी ते वाई जीप चालवतात. हंगामात स्ट्रॉबेरीच्या पेट्या, एरवी माणसे. गेल्या ऑगस्टमधली गोष्ट. रात्रीचे नऊ वाजले असतील. वाईहून तीन उतारू आणि पुढे मी, असे आम्ही पसरणीचा घाट चढत होतो. वाई आणि पाचगणी यांच्यात फार अंतर नाही, पण उंचीत सुमारे सहाशे मीटरचा फरक आहे. खाली नुसता पाऊस असला, तर वर हमखास धुके मिळते. घाटाच्या मध्यावर गाडी एका खड्ड्यात आदळली आणि समोरचा उजेड एकदम अर्धा झाला. उजवा दिवा गेला होता. पुढच्याच वळणावर वरून एक बस आली आणि ती आमच्या अंगावरच येते आहे, असे वाटले. आप्पांनी गाडी डावीकडे इतकी दाबली की चाक गटारात उतरले. डाव्या हाताला डोंगर होता म्हणून निभावले. बस थांबली. ड्रायव्हर खाली उतरून आला आणि घाम पुसत म्हणाला, “मालक, एकच दिवा दिसला. मला वाटलं मोटरसायकल येतीय.”

हे वाक्य मी विसरलेले नाही. आपण डाव्या बाजूने गाड्या चालवतो. त्यामुळे समोरच्याच्या जवळचा दिवा म्हणजे आपला उजवा. तोच विझला, तर समोरच्याला दिसते ती रस्त्याच्या कडेने येणारी दुचाकी. तो तेवढीच जागा सोडतो, आणि उरलेल्या अंधारात आपली अर्धी जीप असते!

आता आमचा मूर्खपणा सांगते, कारण लेखाचे बीज त्यातच आहे. दुसऱ्या दिवशी आप्पांनी नवा बल्ब आणला. बसवला, दिवा लागला. तीन दिवसांनी पुन्हा गेला. ‘बल्ब हलका निघाला’ असे ठरले. दुसरा आणला, तोही लागला आणि आठवड्याने गेला. मग एका गॅरेजमध्ये स्विच बदलला. मीटर लावून पाहिले, तेव्हा करंटही पुरेसा निघाला आणि ‘अर्थ’ही बरोबर निघाला. शेवटी ‘सगळं वायरिंग नवीन टाका’ असा सल्ला मिळाला आणि एक मोठा आकडा कागदावर लिहून हातात दिला गेला. तो आकडा माझ्या वर्षाच्या फीपेक्षा जास्त होता. आप्पा काही बोलले नाहीत. कागद घडी करून खिशात ठेवला. मी मात्र त्या रात्री फी कशी भरायची, याचाच विचार करीत होते.

तर्कशास्त्राच्या पुस्तकात या चुकीला नाव आहे. कावळा फांदीवर बसला आणि त्याच वेळी ताडाचे फळ पडले, म्हणून कावळ्यानेच ते पाडले, असे म्हणणे म्हणजे काकतालीय न्याय. बल्ब बदलला आणि दिवा लागला, म्हणून दोष बल्बचाच होता, हे अनुमान अगदी त्याच जातीचे. बल्ब बदलताना आपण मागचा प्लग उपसतो, वायर ओढतो, सगळे हलवतो. कुठे सैल सांधा असेल तर तो या हलवाहलवीत तात्पुरता जुळतो. दिवा लागतो तो त्यामुळे, आणि श्रेय मिळते बल्बला. विशेष म्हणजे काढलेला बल्ब आपण कचऱ्यात टाकतो. तो खरेच मेला होता काय, हे कोणी पाहतच नाही.

हे मला शिकवले ते वाईच्या एका वृद्ध ऑटो इलेक्ट्रिशियनने. सगळे त्यांना चाचा म्हणतात. त्यांचे दुकान म्हणजे एक पत्र्याची टपरी. मी त्यांना सगळी हकिकत सांगितली आणि ‘दोन बल्ब गेले’ असे म्हटले. ते म्हणाले, “गेले असं तुला कोणी सांगितलं, बेटा? कुठायत ते?” सुदैवाने आप्पांना काही टाकून देण्याची सवय नाही. दोन्ही बल्ब जीपच्या खणात होते. चाचांनी ते बॅटरीला थेट जोडले. दोन्ही लख्ख पेटले!

मग त्यांनी मला गाडीच्या दिव्याचे शास्त्र समजावले. ते मी माझ्या शब्दांत मांडते.

मोटारीच्या दिव्याचा सगळा व्यवहार बारा व्होल्टच्या बॅटरीवर चालतो. बॅटरीच्या धन टोकापासून वीज निघते. ती फ्यूजमधून, स्विचमधून आणि रिलेमधून (सर्वच जुन्या गाड्यांत तो नसतो) दिव्यापर्यंत येते. दिव्याची तार तापवून ती पलीकडे निघते आणि बॅटरीच्या ऋण टोकाला परत पोचते. ‘परत पोचते’ हा भाग आपण विसरतो. घरात आपल्याला बटणापासून बल्बपर्यंतच वीज जाते असे वाटत असते. गाडीत तर परतीची वायर बहुधा डोळ्यांना दिसतही नाही. कारण गाडीचा लोखंडी सांगाडा हीच परतीची वायर! दिव्यामागे चार बोटांची एक काळी वायर असते, ती स्क्रूने पत्र्याला आवळलेली असते; बॅटरीचे ऋण टोकही जाड पट्टीने सांगाड्याला जोडलेले असते. या परतवाटेला गॅरेजमध्ये ‘अर्थ’ म्हणतात, जरी तिचा जमिनीशी काही संबंध नसला तरी.

ज्या वाईत मराठी विश्वकोश घडला, त्या गावात वावरताना शब्दांकडे थोडे लक्ष जातेच. सर्किट या शब्दाला मराठीत ‘विद्युत् मंडल’ म्हणतात. मंडल म्हणजे वर्तुळ. मला हा शब्द फार आवडला. चाचांना तो सांगितला तेव्हा ते म्हणाले, “म्हणजे रहाटच की!” आणि खरेच, रहाटगाडग्याची माळ कुठेही एका जागी तुटली तर सगळीच गाडगी थांबतात; वर येणारी आणि खाली जाणारी. विहिरीत पाणी भरपूर आहे, बैलही धडधाकट आहे, पण पाटाला थेंब नाही. तेव्हा ‘दिव्यापर्यंत करंट येतो का’ हा अर्धाच प्रश्न झाला. ‘तो परत जातो का’ हा दुसरा अर्धा, आणि तो बहुतेक वेळा कोणी विचारीत नाही.

चाचांचा पहिला नियम असा की, हत्यार उचलण्याआधी पाहायचे. गाडी भिंतीसमोर उभी करायची, एकेक दिवा लावायचा आणि जे दिसेल ते लक्षात ठेवायचे. कारण दोष कुठे आहे, हे दिवे स्वतःच बरेचसे सांगतात. दोन्ही दिवे अजिबात लागत नसतील, तर दोष बहुधा दोघांच्या सामाईक वाटेवर आहे: फ्यूज, स्विच, रिले किंवा मुख्य वायर. दोन बल्ब एकाच क्षणी मरणे फार दुर्मिळ. अप्पर लागतो पण डीपर दोन्हींकडे लागत नाही, असे असेल तर अप्पर-डीपरचा स्विच किंवा डीपरची स्वतंत्र वाट पाहावी. (मात्र डीपरचीच तार अधिक जळते, म्हणून एक आधी गेलेली आणि दुसरी आज गेली, असेही असू शकते.) एकाच बाजूचा दिवा गेला असेल, तर दोष त्या बाजूला: बल्ब, प्लग, अर्थ, किंवा त्या बाजूचा वेगळा फ्यूज असल्यास तो. दोन्ही दिवे मंद असून एक्सिलरेटर दाबल्यावर उजळत असतील, तर बॅटरी, तिची टोके किंवा चार्जिंग तपासावे. उलट, दिवे डोळे दिपतील इतके प्रखर आणि बल्ब वारंवार जळत असतील, तर चार्जिंगचा दाब प्रमाणाबाहेर वाढला आहे. इंजिन चालू असताना बॅटरीवर साधारण चौदा व्होल्ट दिसावेत. पंधराच्या वर गेले तर रेग्युलेटरकडे पाहावे. आणि खड्ड्यागणिक दिवा लुकलुकत असेल, तर कुठेतरी सांधा सैल आहे.

दुसरा नियम निम्म्याचा. वाट लांब असली तर एका टोकापासून शोधत बसू नये, मधोमध पाहावे. यासाठी चाचांचे हत्यार म्हणजे टेस्ट लॅम्प: इंडिकेटरचा एक २१ वॅटचा बल्ब, त्याला दोन वायरी, एकीला चिमटा आणि दुसरीला टोकदार सळई. चिमटा बॅटरीच्या ऋण टोकाला लावायचा आणि सळई वाटेवर मधल्या ठिकाणी टेकवायची. बल्ब लागला, तर बॅटरीपासून तिथपर्यंतची वाट निर्दोष. दोष पुढच्या निम्म्यात. नाही लागला, तर मागच्या निम्म्यात. मग त्या निम्म्याचे पुन्हा निम्मे. वाटेवर सोळा सांधे असले, तरी चार वेळा विचारून दोषी सांधा हाती येतो. शब्दकोशात शब्द शोधताना आपण पहिल्या पानापासून सुरुवात करतो काय? मध्येच उघडतो आणि मागे किंवा पुढे जातो. तसेच हे.

या पद्धतीने आमचा उजवा दिवा तपासला. प्लग काढून सळई डीपरच्या टोकाला टेकवली. टेस्ट लॅम्प झगझगीत! म्हणजे जाण्याची वाट ठीक. फ्यूज ठीक, स्विच ठीक, वायरिंग ठीक. बल्ब ठीक हे आधीच ठरलेले. मग उरले काय? मिलच्या पद्धतींपैकी ‘अवशेष पद्धती’ नावाची एक आम्ही परीक्षेपुरती पाठ केली होती: ज्यांची कारणे कळली ती वजा करा, जे उरेल त्याचे कारण उरलेल्यात शोधा. उरली होती ती परतवाट. आता चिमटा बॅटरीच्या धन टोकाला लावला आणि सळई प्लगच्या अर्थच्या टोकाला. टेस्ट लॅम्पची तार नुसती लालसर झाली, विझत्या उदबत्तीसारखी. अर्थ खराब!

“पण मीटरने तर अर्थ बरोबर दाखवला होता,” मी म्हटले. त्यावर चाचांनी जे सांगितले, ते या लेखातले सर्वांत महत्त्वाचे समजावे. मीटर सांधा तपासतो तो अतिशय सूक्ष्म प्रवाहाने. वायरीच्या वीस तारांपैकी एकोणीस तुटल्या आणि एकच राहिली, तरी मीटर ‘पीं’ करून शाबासकी देतो. पण दिव्याला सूक्ष्म प्रवाह पुरत नाही. आमचा बल्ब एच-४ जातीचा. १९७१ साली युरोपात आलेला हा दोन तारांचा हॅलोजन बल्ब पुढे सर्वत्र रूढ झाला. त्याची डीपरची तार ५५ वॅटची आणि अप्परची ६० वॅटची. ५५ ला १२ ने भागा: जवळजवळ साडेचार अँपिअर प्रवाह हवा. ओढ्यावरच्या साकवावरून कुत्रे पलीकडे गेले, म्हणून भरलेली बैलगाडी जाईल असे होत नाही. सांधा तपासायचा तर त्यावर वजन घालून तपासावा. म्हणूनच चाचा नाजूक टेस्टर वापरीत नाहीत, २१ वॅटचा बल्ब वापरतात.

हेच गणिताने पाहू. जॉर्ज ओहम या जर्मन शिक्षकाने १८२७ साली मांडलेला नियम आपण शाळेत शिकलो आहोत: प्रवाह आणि रोध यांचा गुणाकार म्हणजे दाब. डीपर पेटलेला असताना त्याच्या तारेचा रोध सुमारे २.६ ओहम असतो. आता वाटेतल्या एखाद्या गंजलेल्या सांध्याने फक्त अर्ध्या ओहमचा रोध वाढवला असे समजा. एकूण ३.१. प्रवाह उतरून ३.९ अँपिअरवर येतो आणि जवळजवळ दोन व्होल्ट त्या सांध्यातच खर्च होतात. दिव्याला मिळतात दहा. बारातले दोन गेले, म्हणजे उजेड सहाव्या हिश्शाने कमी होईल असे आपल्याला वाटते. पण तसे नाही. दाब थोडा घटला तरी तार पुरेशी तापत नाही आणि उजेड फार वेगाने घसरतो. दहा टक्के दाब कमी झाला, तर उजेड सुमारे तीस टक्क्यांनी घटतो. आपल्या उदाहरणात तो जवळपास निम्माच उरतो. एका गंजलेल्या स्क्रूसाठी निम्मा उजेड! आणि गंमत अशी की, प्लग काढून मीटर लावाल तर तिथे पुरते बारा व्होल्ट दिसतील. प्रवाहच वाहत नसेल, तर अडथळ्यात काही खर्च होणार नाही. म्हणून मोजायचे ते दिवा जोडलेला आणि लागलेला असताना.

चाचांनी तेही करून दाखवले. बल्ब बसवला, डीपर चालू केला, मीटरचे एक टोक बॅटरीच्या ऋण टोकाला आणि दुसरे बल्बच्या अर्थच्या टोकाला. वाट निर्दोष असेल तर इथे जवळजवळ शून्य यावे. दोन दशांश व्होल्टपर्यंत चालते. आमच्याकडे सातच्या वर आकडा आला. “बघ,” चाचा म्हणाले, “परत जायला रस्ता नाही, म्हणून दारातच उभाय.”

तेवढ्यात माझे लक्ष डॅशबोर्डकडे गेले. डीपर चालू होता, तरी अप्परची निळी खूण अगदी मंद तेवत होती. ही खूण आम्ही महिनाभर पाहत होतो आणि ‘जुनी गाडी आहे, काहीतरी होतच असते’ म्हणून सोडून देत होतो. मी चाचांना विचारले. ते हसले आणि म्हणाले, “हे आधी सांगितलं असतंस, तर मी बॉनेट न उघडता सांगितलं असतं!”

त्याचे कारण मोठे मनोरंजक आहे. एच-४ बल्बात दोन तारा, पण अर्थचे टोक दोघींना मिळून एकच. ते तुटले की डीपरच्या तारेतून आलेल्या विजेला घरी जायला वाट नाही. पण शेजारी अप्परची तार आहे. वीज तिच्यातून उलटी शिरते, अप्परच्या वायरीने गाडीच्या दुसऱ्या बाजूला जाते आणि डाव्या दिव्याच्या अप्परच्या तारेतून, तिथल्या चांगल्या अर्थने, सांगाड्यात उतरते. म्हणजे एका तारेऐवजी तीन तारा एका माळेत! बारा व्होल्ट तिघींत वाटले जातात, प्रत्येकीला चारच्या आसपास. एवढ्यावर तार नुसती लाल होते. निळ्या खुणेचा दिवाही त्याच अप्परच्या वायरीवर असतो, म्हणून तोही मंद पेटतो. तेव्हा वाचकहो, डीपर लावल्यावर अप्परची खूण मिणमिणू लागली आणि एक दिवा लाल पडला, तर बल्ब आणायला धावू नका. त्या बाजूचा अर्थ पाहा. (हे स्विच धन बाजूला असलेल्या गाड्यांचे झाले. काही जपानी बनावटीच्या गाड्यांत स्विच अर्थच्या बाजूला असतो. तिथे हा हिशेब उलटा मांडावा लागतो.)

शेवटची खात्री राहिली होती. चाचांनी एक सुटी वायर घेतली. एक टोक बॅटरीच्या ऋण टोकाला, दुसरे उजव्या दिव्याच्या अर्थला. दिवा लख्ख. वायर काढली: लाल. लावली: लख्ख. काढली: लाल. मी पाहतच राहिले. ‘ते असता हे असते, ते नसता हे नसते’: अन्वय आणि व्यतिरेक! तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींच्या वाईत, तर्काचा तो पाठ मला पत्र्याच्या टपरीसमोर मिळत होता. बल्ब बदलताना आम्ही फक्त अन्वय पाहिला होता: बदलला आणि लागला. जुना बल्ब पुन्हा लावून दिवा विझतो काय, हा व्यतिरेक पाहिला असता, तर दोन बल्ब आणि एका स्विचचे पैसे वाचले असते.

काळ्या वायरीचा माग काढत चाचा मडगार्डच्या आत पोचले. तिथला स्क्रू आणि त्याखालचा पत्रा दोन्ही सुंदर निळ्या रंगाचे. तेव्हा आप्पांना आठवले: एप्रिलमध्ये मडगार्डचा पोचा काढून रंग दिला होता. रंग विजेला अडवतो. नुसत्या स्क्रूच्या आट्यांवर काम भागत होते. पावसात त्या गंजल्या, आणि घाटातल्या खड्ड्याने उरलेली कसर भरून काढली. दिवा जाण्यापूर्वी गाडीत शेवटचा बदल काय झाला, हा प्रश्न आम्ही चार महिने मागे जाऊन विचारलाच नव्हता. पॉलिश पेपरने पत्रा चकचकीत घासला, नवा स्क्रू, दात्यांचा वॉशर, वरून थोडे ग्रीस. वीस मिनिटांचे काम. पैसे विचारले, तर चाचा म्हणाले, “स्क्रूचे द्या, आणि दोन चहा सांगा.”

आता थोडे उलट्या दोषाविषयी. कारण तो अधिक धोक्याचा. वरच्या दोषात वाट तुटलेली असते. शॉर्टमध्ये वाट नको तिथे जुळलेली असते. वायरीचे आवरण पत्र्यावर घासून फाटते आणि वीज दिव्यापर्यंत न जाता मधूनच सांगाड्यात उतरते. अडवायला काहीच नाही म्हणून प्रवाह बेसुमार वाढतो आणि फ्यूज उडतो. फ्यूज उडणे हा रोग नव्हे, ते लक्षण आहे. किंबहुना तो पहारेकरी आहे. त्याच्या जागी जाड फ्यूज किंवा सिगारेटच्या पाकिटातली चांदी घालणारे महाभाग आपल्या घाटरस्त्यांवर पुष्कळ आहेत. त्याचा अर्थ, पहारेकऱ्याला बांधून ठेवून घराला आग लागण्याची वाट पाहणे. योग्य रीत अशी: दिव्यांचे प्लग काढावेत आणि फ्यूजच्या जागी टेस्ट लॅम्प जोडावा. दिवे काढूनही तो झगझगीत पेटला, तर शॉर्ट आहे. मग वायरीचा एकेक भाग हलवत, सोडवत जावे. ज्या क्षणी टेस्ट लॅम्प विझेल, त्या ठिकाणी दोष.

काही पथ्येही सांगितली पाहिजेत. बॅटरी सोडवताना ऋण टोक आधी काढावे आणि जोडताना शेवटी लावावे; म्हणजे पाना चुकून पत्र्याला लागला तरी ठिणगी उडत नाही. हॅलोजन बल्बच्या काचेला बोट लावू नये. बोटाचे तेल काचेवर राहते, ती जागा जास्त तापते आणि बल्ब लवकर जातो. नुकताच विझवलेला बल्ब हाताने काढू नये, हे मी अनुभवाने सांगते! आणि पावसाळ्यापूर्वी एकदा सगळे प्लग काढून पाहावेत. आपल्याकडच्या ओलाव्यात पितळेवर हिरवट, पांढरी बुरशी धरते. गॅरेजमध्ये तिला ‘कार्बन आला’ म्हणतात. ती काढून टाकली तर निम्मे दोष जन्मालाच येत नाहीत.

कोणी म्हणेल, आता एलईडी दिव्यांच्या गाड्या आल्या, दिवे संगणक चालवतो, तुमच्या जीपचे पुराण कोणाला हवे? खरे आहे. नव्या गाडीत स्विच दाबला की तो केवळ विनंती करतो. दिव्याला वीज द्यायची की नाही हे आतला संगणक ठरवतो आणि दोष सांगायला स्कॅनर लावावा लागतो. पण स्कॅनरही फार तर ‘उजव्या दिव्याच्या मंडलात दोष’ एवढेच सांगतो. बल्ब, प्लग, वायर की अर्थ, हे माणसानेच शोधायचे असते. आणि गंज तर संगणकाला ओळखत नाही.

असो. त्या दिवशी संध्याकाळी आम्ही घाट चढलो तेव्हा पाऊस होता. धोमचे पाणी खाली दिसेनासे झाले आणि हॅरिसन्स फॉलीच्या अलीकडे नेहमीचे धुके आले. समोरून एक ट्रक उतरत होता. त्याने लांबूनच डीपर मारला आणि आमच्यासाठी पुरती जागा सोडली. आप्पा काही बोलले नाहीत. पण तेव्हापासून त्यांची एक सवय झाली आहे. शेवटची खेप करायला निघण्यापूर्वी ते जीप आमच्या घराच्या भिंतीसमोर उभी करतात आणि मला हाक मारतात, “अगं, बघ गं जरा.” मी दारात येऊन पाहते. भिंतीवर दोन गोल उमटतात, अप्पर आणि डीपर, डावा आणि उजवा. दोन्ही सारखे असले की मी हात हलवते, आणि मगच गाडी घाटाकडे वळते.

खिशातला तो आकड्याचा कागद आप्पांनी नंतर मला दिला. तो पाठकोरा होता. या लेखाचे पहिले टिपण मी त्याच्याच मागच्या बाजूवर केले आहे.